आनी-पानी

विरार सोडून गाडी वैतरणेच्या खाडीकडे निघाली की डहाणूपर्यंतची स्टेशनं अशी लागतात: वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. आठांपैकी तिघांच्या नावात ‘ळ’, तिघांच्या नावात ‘ण’. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेल्या माणसाला न अडखळता म्हणता येतील अशी नावं दोनच, पालघर आणि बोईसर. योगायोग म्हणा हवं तर, पण जिल्ह्याचं मुख्यालय आणि कारखाने नेमके या दोन स्टेशनांवरच आले. बाकीच्या सहा ठिकाणी परक्या जिभेची परीक्षा असते. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल धावू लागली तेव्हापासून ही परीक्षा रोज, दिवसभर चालू आहे.

आमचं एडवण स्टेशनावर नाही. सफाळ्याला उतरायचं आणि एसटी किंवा रिक्षा धरून समुद्राच्या दिशेने जायचं. आशापुरीचं देऊळ, वाड्या, पुढे किनारा. गावाच्या नावात आधी ‘ड’ आणि लगेच ‘ण’, म्हणजे परक्या माणसासाठी एकावर एक दोन खड्डे. शनिवारी-रविवारी मुंबईहून येणारी मंडळी सफाळ्याच्या रिक्षास्टँडवर उभी राहून ‘एडवन’ म्हणतात, ‘एदवान’ म्हणतात, फोनच्या नकाशात इंग्रजी वाचलेली तरुण पोरं ‘एड्वॅन’ म्हणतात. रिक्षावाला कुणालाच दुरुस्त करत नाही, त्याला सीटं भरायची असतात. पण त्याच्याकडे नीट लक्ष दिलं तर एक गंमत दिसते. शेजारच्या रिक्षावाल्याशी बोलताना तो स्वतः ‘एडवन’ म्हणतो, आणि इस्त्रीची पँट घातलेला मराठी माणूस समोर आला की जीभ वळवून, थोडा जोर देऊन ‘एडवण’ म्हणतो. परक्यांना जे जमत नाही म्हणून आपण हसतो, ते आपल्यातल्या कित्येकांच्या घरातही नाही. ही गोष्ट आम्ही पालघरकर फारशी कुणाला सांगत नाही.

उत्तर कोकणच्या या पट्ट्यात वाडवळ, मांगेले, भंडारी, आगरी, कोळी, वारली अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राहत आली. प्रत्येकाची बोली निराळी, पण काही खोडी सारख्या. कुठे ‘ण’चा ‘न’ होतो आणि पाण्याचं पानी होतं. कुठे ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि डोळ्याचा डोला. आगरी-कोळ्यांच्या तोंडी गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा. वाडवळीत तर ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणजे सात म्हणायला जावं तर हात ऐकू येतो. सुरतेकडच्या गुजरातीतही हेच चालतं, आणि डहाणूच्या पुढे थोड्याच अंतरावर गुजरात सुरू होतो, तेव्हा यात नवल काही नाही.

जॉर्ज ग्रिअर्सनने भारतीय भाषांचं सर्वेक्षण केलं, त्यातला मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात ठाणे जिल्ह्याच्या (तेव्हा आम्ही ठाण्यातच होतो, पालघर जिल्हा २०१४चा) वाडवळ, फुडगी, सामवेदी अशा बोलींची वेगवेगळी नोंद आहे. त्या सर्वेक्षणाची रीत अशी होती की बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची, म्हणजे तुलना करता येते. त्या नोंदींत कुठे ‘शुद्ध’ नाही, ‘अशुद्ध’ नाही. अमुक ध्वनीच्या जागी तमुक ध्वनी येतो, एवढंच. साहेबाला या बोलींचा अभिमान नव्हता तशी लाजही नव्हती. लाज आमची आम्ही पुढे कमावली, शाळेत.

शाळेला दोष द्यायचा तर जपून द्यायला हवा. ‘ण’ आणि ‘ळ’ शिकवूच नयेत असं मी म्हणणार नाही. मराठीत जन वेगळे आणि जण वेगळे, काला वेगळा आणि काळा वेगळा. तारापूरला १९६९ साली वीज देऊ लागलेलं केंद्र अणूचं, अनूचं नव्हे. हे फरक भाषेने उगाच ठेवलेले नाहीत. ‘ळ’ तर करायला मजेचा वर्ण आहे. जिभेचं टोक उलटं वळवून टाळूला मागे टेकवायचं आणि सोडताना पुढे झटकायचं. पोरांना आरशासमोर उभं करून सांगितलं तर खेळ म्हणून शिकतात. आम्हाला दुसरीला एक बाई होत्या, त्या सगळ्या वर्गाकडून एकदम म्हणून घ्यायच्या: काला, काळा, बाल, बाळ, जन, जण. चाळीस पोरांच्या गलक्यात कोण चुकलं ते कुणालाच कळत नसे, आणि महिन्याभरात बहुतेकांच्या जिभा वळलेल्या असत. एकट्याला उभं करून ‘पाणी म्हण’ असं त्यांनी कधी केलं नाही. तसं करणारेही गुरुजी होते. वर्ग हसायचा. उभा राहिलेला पोरगा आधी सगळ्यांबरोबर हसायचा, नंतर मग हसायचा नाही.

असा एकदा हसला गेलेला माणूस पुढे काय करतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. तो सुधारतो असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा तो वळसा घालायला शिकतो. माझी आजी पुण्याच्या पाहुण्यांसमोर ‘पानी’ म्हणत नसे. ‘तांब्या भरून देते’ म्हणायची. ‘जेवण झालं का’ याऐवजी ‘भात खाल्लात का’. बाळाला ‘पोर’. वाटेत जिथे जिथे ‘ण’ आणि ‘ळ’ उभे असतील तिथून ती बाजूने जायची, इतकी सफाईने की पाहुण्यांना वाटे म्हातारी मोजकंच आणि मोठं ठसठशीत बोलते. पाहुणे दोन दिवसांहून जास्त राहिले की तिचं मोजकं बोलणंही आटायचं. ती स्वयंपाकघरात जाऊन बसायची. ते घराबाहेर पडले की बोलण्याचा बांध फुटायचा.

दुसरा प्रकार याच्या उलट. इथे माणूस वळसा घालत नाही, अंगावर जातो. एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. आठवीतला एक मुलगा ‘माझे गाव’ या विषयावर बोलायला उभा राहिला. किनाऱ्यावरचा, हे ओळखू येत होतं. बोंबील कसे सुकवतात ते तो सांगत होता: ताजे बोंबील निवडायचे, दोन-दोन घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, आणि ती जोडी आडव्या बांबूवर टांगायची, म्हणजे वाऱ्याने फिरते पण पडत नाही. जबडे कसे अडकतात ते त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवलं. सभागृहातल्या बायका माना डोलावत होत्या, कारण बरोबर तसंच असतं. आणि शेवटी, बहुधा कुणीतरी तयारी करून घेतली होती म्हणून, तो ताठ उभा राहून म्हणाला, ‘आपण माझे भाषण शांतपणे ऐकूण घेतले याबद्दल मणापासून आभार माणतो.’

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या तक्त्यात ‘शुद्ध उच्चार’ असा दहा गुणांचा रकाना होता, त्यात त्यांनी तीन लिहिले. पहिलं बक्षीस पर्यावरणावरचं भाषण घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला गेलं. त्या भाषणातली निम्मी वाक्यं मी त्याच सकाळी आणखी दोन मुलांकडून ऐकली होती.

या ‘मणापासून’कडे जरा थांबून पाहायला हवं. त्या मुलाच्या बोलीत मन हा शब्द चोख आहे, ‘न’ त्याला उत्तम येतो. मग ‘ण’ आला कुठून? कुणीतरी त्याला सांगितलं असणार की तुम्ही लोक ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणता. त्याने ते मनावर घेतलं आणि दिसेल त्या ‘न’ला ‘ण’ केलं. म्हणजे ही निष्काळजीपणाची चूक नाहीच, अति काळजीची आहे. भाषेचे अभ्यासक याला अतिशुद्धी म्हणतात. मला ती ऐकताना नेहमी बोलणाऱ्याच्या मागे उभा असलेला, त्याला कधीतरी हसलेला माणूस ऐकू येतो. ‘अणुभव’, ‘धण्यवाद’, ‘मुळगा’, असे शब्द कानावर आले की समजावं, इथे कुणीतरी दुखावून गेलंय.

आणि यातली मोठी थट्टा पुढेच आहे. ज्या महाराष्ट्री प्राकृतापासून मराठी आली असं आपण अभिमानाने सांगतो, त्या प्राकृतात ‘न’चा सर्रास ‘ण’ होत असे. तिथे मनाचं रूप मणच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी जे पुरावे वर्षानुवर्षं मांडले गेले त्यांत सातवाहन राजा हालाच्या नावावरची गाथासप्तशती अग्रभागी होती, आणि ती याच प्राकृतात आहे. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी पैठणला त्या मुलाच्या ‘मणापासून’ला कुणी कपाळाला हात लावला नसता. त्या दहापैकी सात गुण सातवाहनांच्या खात्यातून कापले गेले, असं मी गमतीने म्हणतो. शेजारच्या परीक्षकांना तेव्हाच म्हणायला हवं होतं का, हा निराळा प्रश्न. कार्यक्रमाला आधीच उशीर झाला होता.

शुद्ध म्हणजे काय, हे एकदा रोखठोक विचारावं असं मला फार वाटतं. उभ्या महाराष्ट्रात ‘ष’ आणि ‘श’ वेगळे म्हणणारा माणूस शोधून दाखवा. पाठशाळेत शिकलेले काही जण सोडले तर सदाशिव पेठेपासून सफाळ्यापर्यंत सगळे ‘विशय’ म्हणतात, ‘भाशा’ म्हणतात, ‘शष्ठी’ म्हणतात. एक वर्णच्या वर्ण आपण सगळ्यांनी मिळून गिळला, लिहिण्यापुरता ठेवला, आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ऋषी म्हणताना आपण ‘रुषी’ म्हणतो, हिंदीवाले ‘रिशी’ म्हणतात, मूळ स्वर दोघांकडेही नाही. ‘ज्ञ’ आपल्याकडे ‘द्न्य’ झाला, हिंदीत ‘ग्य’. ब्राह्मण हा शब्द लिहिला आहे तसा म्हणणारा ब्राह्मण मी अजून ऐकलेला नाही, सगळे ‘ब्राम्हण’च म्हणतात. आणि प्रह्लाद? मराठीत तो प्रल्हाद झाला, ‘ह’ आणि ‘ल’ची जागा बदलली, आणि ती बदललेली जागा इतकी पक्की झाली की आचार्य अत्र्यांसारख्या भाषाप्रभूचं नावच प्रल्हाद केशव. आज कुणी प्रह्लाद लिहिलं तर छापखान्याची चूक वाटेल.

म्हणजे चूक सगळ्यांचीच होते. ‘ष’ गेला तेव्हा तो वर्गातल्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांचा गेला, म्हणून नियम झाला. ‘ण’ शेवटच्या बाकावरून गेला, म्हणून अडाणीपणा झाला. ‘आनी-पानी’ करणारे असं ज्यांना चिडवलं जातं ते कोण असतात, त्यांच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे महाराष्ट्रात कुणाला फोड करून सांगायला नको.

त्याहून वरच्या बाकावरचे तर निराळेच. वसई पोर्तुगीजांच्या तोंडी ‘बसाइं’ झाली, त्यांच्याकडून घेऊन इंग्रजांनी ‘बॅसीन’ केली. चिमाजी आप्पांनी १७३९ साली किल्ला घेतला, वसईही घेतली, पण तो उच्चार काही त्यांना घेता आला नाही. १८०२चा तह इंग्रजी पुस्तकांत आजही बॅसीनचाच आहे आणि स्टेशनाचं नाव कितीतरी वर्षं बॅसीन रोड होतं. (ब्रह्मदेशातल्या पथेनचंही त्यांनी बॅसीनच करून ठेवलं. एकदा जीभ वळली की वळली.) ठाण्याचं थाना, पुण्याचं पूना. कुठल्या साहेबाला आपला उच्चार चुकतोय म्हणून घाम फुटल्याचं ऐकिवात नाही. उलट आपल्यातल्या शिकलेल्यांनी हौसेने ‘पूना’ म्हणायला सुरुवात केली.

तो काळ संपला म्हणावं तर वाढवण आहे. डहाणूजवळचं किनाऱ्यावरचं गाव, नावाने आमच्या एडवणचं सख्खं भावंड. तिथे सुमारे ७६,००० कोटी रुपयांचं बंदर व्हायचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी जून २०२४ची, भूमिपूजन त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये झालं. दिल्लीच्या हिंदी बातम्यांत आणि कागदपत्रांत हे गाव ‘वधावन’ झालेलं आहे. पंजाबी आडनाव वाटावं असं. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ म्हणत मच्छीमार वर्षानुवर्षं रस्त्यावर येत राहिले, आणि ज्यांना ते सांगत होते त्यांच्या कागदावर वाढवण नावाचं गावच नव्हतं. बंदर व्हावं की नाही यावर आमच्याकडे घराघरांत वाद आहेत, त्यात मी इथे शिरत नाही. पण ज्या गावाचा समुद्र घ्यायचा त्याचं नाव तरी दोनदा म्हणून बघावं, इतकी अपेक्षा भाबडी नसावी.

आता आपलीही बाजू बघू, कारण हसायला आपणही मागे नाही. गाडीत केळी विकणारा ‘केला’ म्हणतो, सफाळ्याला ‘सफाले’ म्हणतो, की डब्यात टिंगल सुरू होते. टिंगल करणाऱ्यांतले दोघे-तिघे घरी केल्याची भाजीच खात असतात. दुसरीकडे इंग्रजी शाळेत जाणारी आमची नातवंडं. माझ्या भाचीची मुलगी ठाण्याहून आली की ‘मला पानी हवंय’ म्हणते, आणि सगळं घर कौतुकाने बघतं. किती गोड बोलते! माझ्या आजीने जे पानी आयुष्यभर तांब्यामागे लपवलं, तेच पानी. जीभ तीच, ध्वनी तोच. एकीचं अडाणी, एकीचं गोड. फरक शाळेच्या फीचा.

उच्चारावरून माणूस पारखायची ही खोड फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचं पुस्तक आहे, त्याच्या बाराव्या अध्यायात युद्धानंतरची एक हकिकत येते. गिलादी लोकांनी यार्देन नदीचे उतार रोखून धरले. पलीकडे जाऊ पाहणाऱ्याला ते ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत. एफ्राइमी माणसाला ‘श’ जमत नसे, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि तिथेच मारला जाई. बेचाळीस हजार, असा आकडा दिलेला आहे. आमच्या खालच्या अंगाला, वसईच्या पट्ट्यात सामवेदी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत हे पुस्तक वाचलं जातं. ‘स’ आणि ‘ह’ची अदलाबदल अनुभवलेल्या कानांना ती गोष्ट कशी ऐकू येत असेल, असं मनात येतं. त्याच पट्ट्यातल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून पुष्कळ बोललं गेलं. मला त्याहून मोठी वाटलेली गोष्ट निराळी होती. आमच्यासारख्याच एका बोलीच्या मुलखातून निघालेला माणूस अखिल भारतीय मराठीच्या व्यासपीठावर उभा होता, आणि त्याची मराठी ऐकून कुणाची कपाळावर हात मारायची हिंमत नव्हती.

पण प्रत्येकाला व्यासपीठापर्यंत पोहोचू द्यायला हवं ना. बोलायला उभं राहिलेलं पोर आठवीत खाली बसलं तर ते पुन्हा उठत नाही. बोंबलाच्या जबड्याची ती गोष्ट सांगणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. पण त्याच्याजवळ सांगायला काहीतरी होतं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. वक्तृत्वाला यापलीकडे काय लागतं?

म्हणून शाळांना, वाचनालयांना, ज्ञातिमंडळांना आणि गणेशोत्सवात स्पर्धा घेणाऱ्या सगळ्यांनाच एक विनंती. परीक्षकांच्या तक्त्यात ‘शुद्ध उच्चार’ असा रकाना असतो, तिथे यंदा ‘स्पष्ट उच्चार’ छापा. गुण दहाच ठेवा. आणि पालघर तालुक्यातल्या स्पर्धेला परीक्षक बाहेरून बोलावणार असाल, तर तक्ता हातात देण्याआधी त्यांना एकदा उमरोळी, वाढवण आणि एडवण ही तीन नावं सर्वांसमोर मोठ्याने म्हणायला सांगा.